पाहुण्यांची कात

साहेबांच्या घरात पाणी साठवायचं तर परवानगी लागायची, आणि ती कधी कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. यवतमाळला त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहायला गेलो, त्या दिवशी सामान टेम्पोतून उतरायच्या आधीच त्यांनी माझी बादली उलटी करून पाहिली. मग माठाचं झाकण उचललं, आत टॉर्च मारला. माठ रिकामा होता, तरी त्यांचं समाधान झालं नाही.

"रिकामा हाये, ठीक हाये," ते म्हणाले. "पन कोरडा नाई. रिकामा आन् कोरडा यात फरक असते, सर."

साहेब आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. हिवताप, डेंगू, हत्तीरोग, डासाच्या तोंडून माणसाला जे जे मिळतं त्या सगळ्याशी त्यांनी उभी नोकरी वैर धरलं. बरीचशी वर्षं महागाव तालुक्यात गेली. तिथल्या गावोगावचे रांजण त्यांनी पालथे केले होते. साहेबांची मोटारसायकल शिवारात दिसली की बाया रांजणावर गोधडी टाकून त्यावर म्हातारी बसवायच्या, असं ते स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर तालुका सुटला, पण डास सुटला नाही. आता त्यांचा सगळा तालुका म्हणजे आम्ही दोघं. खाली ते एकटे, वर मी एकटा.

दर शनिवारी घरात कोरडा दिवस. सकाळी साहेब जिना चढून येत, माझी बादली, माठ, टब, इतकंच काय, दात घासायच्या ब्रशचा पेलासुद्धा उपडा करत आणि दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख घालून सही ठोकत. माझ्या दारावर इतक्या सह्या जमल्या होत्या की पाहुण्याला वाटावं, ही खोली सरकारने जप्त केलेली आहे. मी दुपारी कॉलेजातून परत येई तेव्हा तोंड धुवायला पाणी नसे. तक्रार केली तर साहेब शांतपणे म्हणत, डासाला पण नाही ना सर, मग झालं तर.

कूलर हा शब्दसुद्धा त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. यवतमाळच्या उन्हाळ्यात माणूस कूलरशिवाय राहतो हे बाहेरगावी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मी राहिलो. "कूलर म्हनजे डासाच्या मादीचं माहेर हाये," साहेब म्हणायचे. "बाळंतपनाले तिथंच येते."

एकदा माझ्याच अंगात काय शिरलं कोण जाणे, मी त्यांना उमरखेडला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला घेऊन गेलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि साहेब शेजारून गायब. मांडवामागे हात धुवायच्या पाण्याचे ड्रम मांडले होते. त्यातल्या एकात त्यांना अळ्या दिसल्या. लग्न लागेपर्यंत थांबावं हा विचार त्यांना शिवला नाही, कारण अळीही थांबत नाही. त्यांनी ड्रम आडवा केला. सावधान म्हणायच्या वेळी पाणी मांडवात शिरलं आणि नवरदेवाकडची मंडळी एका हातात चपला धरून दुसऱ्या हाताने अक्षता टाकू लागली. माझे काका आजही मला भेटले की आधी साहेबांची तब्येत विचारतात, म्हणजे ते पुन्हा येण्याच्या अवस्थेत आहेत का, ते त्यांना कळतं.

तर अशा या घरात एका संध्याकाळी टॅक्सीतून काचेची पेटी उतरली. साहेबांची एकुलती मुलगी पुण्यात संगणकाच्या नोकरीत होती. कंपनी तिला वर्षभरासाठी परदेशी पाठवत होती आणि तिच्याकडे एक सरडा होता. ऑस्ट्रेलियाकडचा, बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात तो. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, अंगावर काट्यांची नक्षी आणि गळ्याखाली काट्यांचीच दाढी. रागावला की ती दाढी फुगते आणि काळी पडते. मुलीने तो बापाच्या हवाली केला, पेटीतला दिवा कधी लावायचा, खायला काय घालायचं ते समजावलं आणि दुसऱ्या सकाळी निघून गेली.

तिने त्याचं काहीतरी इंग्रजी, गोड नाव ठेवलं होतं. ते चारचौघांत घ्यायची साहेबांना लाज वाटे. म्हणून ते त्याला 'पाहुणे' म्हणू लागले, आणि एकदा पाहुणे म्हटल्यावर अहोजाहो आलंच. पाहुणे जेवले. पाहुण्यांनी आज ऊन घेतलं नाही. शेजारच्या काकूंना दोन आठवडे वाटत होतं की साहेबांनी कुणाला न बोलावता मुलीचं लग्न उरकलं आणि घरात जावई ठेवून घेतला. जावई नाकतोडे खातो हे कळल्यावर त्यांनी घरात येणं कमी केलं.

ज्या माणसाने हयातभर किडे मारले, तो आता सकाळी टोपी घालून गवतातून नाकतोडे जिवंत धरून आणायचा. पाहुण्यांना शेवग्याचा पाला, कोहळ्याच्या फोडी, सगळं वेळच्या वेळी. फक्त एका बाबतीत साहेबांनी आपला बाणा सोडला नाही. मुलीने बजावलं होतं की पेटीत पाण्याची वाटी कायम ठेवायची. साहेबांनी ती कायम ठेवली होती, पालथी.

हे सगळं ते का करत होते, ते मला रविवारी कळायचं. बायको लवकर गेली. साहेब सदा दौऱ्यावर, म्हणून मुलगी मामाकडे वाढली. बापलेकीत भांडण नव्हतं, पण बोलण्यासारखंही काही उरलं नव्हतं. पूर्वी तिचा फोन दिवाळीला यायचा आणि दिवाळीच्या शुभेच्छा देऊन संपायचा. पाहुणे आल्यापासून मात्र दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. साहेब सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. ते फोन हातात धरत आणि मुलगी पाहुण्यांशी बोले. साहेब पडद्यावर कुठेच नसत. तरी फोन संपल्यावर दिवसभर त्यांचा आवाज मऊ असायचा, आणि एका रविवारी तर मला जेवायला बोलावून स्वतः वांग्याची भाजी केली होती.

मे महिन्यात पाहुण्यांचा रंग उडाला. अंगावर पांढुरका थर आला, डोळे खोल गेले, नाकतोडा नाकावर बसला तरी ते ढिम्म. साहेब वर आले आणि म्हणाले, "सर, तुमी जीवशास्त्राचे. खाली चला."

मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं की मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. साहेब म्हणाले, वनस्पतीतही जीव असतो हे तुम्हीच शिकवता ना. मी खाली गेलो, सरड्याकडे पाहिलं आणि त्याला पानं नसल्यामुळे काही सांगता आलं नाही.

काकूंनी कुंपणावरून पाहून निदान केलं की माता आली आहे. अंगाला दिसतंच आहे, सालं निघतात, अन्न टाकलं, आणखी काय पाहिजे. त्यांनी कडुलिंबाचा डहाळा आणून पेटीवर ठेवला आणि आंघोळ अजिबात घालू नका, घरात फोडणी देऊ नका, असं सांगून गेल्या. कांजण्या म्हणजे देवीचा कोप नव्हे हे साहेबांनी महागावात घसा फोडून सांगितलेलं. त्यांनी तो डहाळा काठीने उचलून कुंपणापलीकडे टाकला आणि काकूंना विषाणू म्हणजे काय, ते उन्हात उभं करून समजावलं.

मग ओळखीचे एक जनावरांचे डॉक्टर आले, कुठल्याशा म्हशीचं बाळंतपण उरकून परस्पर. त्यांनी पाहुण्यांना लांबून पाहिलं. आपला सगळा जन्म शिंगवाल्या जनावरात गेला, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितलं, चहा घेतला आणि जनावर बसलं असेल तर उठवून पाहा, उभं असेल तर बसू द्या, असा सल्ला देऊन निघाले.

शेवटी मी मोबाइलवर शोधलं. पाहुणे कात टाकत होते. ही जात सापासारखी अख्खी कात टाकत नाही, तुकड्यातुकड्याने टाकते. अंगाची निघून गेली होती, पण उजव्या मागच्या पायाच्या दोन बोटांना आणि शेपटीच्या टोकाला जुनी कातडी करकचून बसली होती, दोरा गुंडाळावा तशी. ती तशीच राहिली तर रक्त पोचत नाही, बोट काळं पडून गळतं. शेपटीचं दुखणं वर चढत गेलं तर सरडा हातचा जातो. कारण एकच होतं, अंगात आणि अंगावर पाणी नाही. उपाय पण एकच. रोज कोमट पाण्यात बसवायचं, कात नरम होऊ द्यायची, हाताने ओढायची नाही. एक गोरी बाई आपल्या सरड्याला टबात बसवून गाणं म्हणत होती, तो व्हिडिओ मी साहेबांना दाखवला.

साहेबांनी हाताची घडी घालून तो पूर्ण पाहिला. सरडा त्यांना दिसलाच नसावा.

"साचलेलं पानी हाये ते," ते म्हणाले.

मी समजावलं, वाद घातला, पण टब काही भरला गेला नाही. दुसऱ्या दिवशी ते बाजारातल्या कृषी केंद्रातून कपाशीवर मारायचा पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले, नवा कोरा. दुकानदाराने कोणती कीड आहे म्हणून विचारलं तेव्हा कीड नाही, पाहुणे आहेत, असं त्यांनी सांगितलं म्हणे. वाहतं पाणी चालतं, साचलेलं नाही, हा त्यातला मुद्दा. अंगणात पाटावर पाहुणे, समोर पाठीला टाकी बांधलेले साहेब एका हाताने दांडा मारताहेत, दुसऱ्या हाताने नळी धरलेली. पाहुण्यांनी दाढी फुगवली, काळी केली आणि तोंड वासलं. साहेबांनी नाकावर रुमाल बांधलेला होता, कारण फवारणी करताना तो बांधायचा असतो. यवतमाळचं ऊन असं की तुषार पाठीवर पडायच्या आत वाळत होते.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. साहेबांनी पेटीवर चादर टाकली आणि पाहुणे झोपले आहेत असं सांगितलं. बरं, मग पुढच्या रविवारी बघते, असं म्हणून तिने फोन ठेवला. तेवढ्या वेळात चहासुद्धा निवला नसता. इस्त्रीचा शर्ट घातलेले साहेब बंद झालेल्या पडद्याकडे पाहत बसले होते. मला वाईट वाटलं, आणि तिचा रागही आला.

संध्याकाळी ते ओट्यावर बसले असताना मी बाजूला टेकलो. त्यांनी पाहुण्यांचा पाय मला दाखवला. एक बोट काळं पडायला लागलं होतं.

"एक सांगू काय सर," ते म्हणाले. "या घरात फोन यांच्याच नावानं येते. मी नुसता फोन धरनारा मानूस. हे गेले तं पोरगी कोनाले फोन लावीन? आन् काहून लावीन?"

मी पेटीकडे नजर वळवली. पेटीत दिव्याखाली, दगडाच्या आडोशाला कडुलिंबाचा एक ताजा डहाळा खोचलेला दिसला. काकू तर त्या दिवसापासून फिरकल्या नव्हत्या. मी तो न पाहिल्यासारखं केलं.

सकाळी साहेब स्वतः वर येऊन माझा निळा टब मागून घेऊन गेले. मी खाली उतरलो तेव्हा अंगणात टब भरलेला होता आणि साहेब त्यात तापाचं थर्मामीटर धरून उकिडवे बसले होते. मला गहिवरूनच आलं. पण बाजूला काचेची बरणी होती आणि बरणीत मासे.

ते गप्पी मासे होते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो, हे बोटाच्या पेराएवढे मासे डासांच्या अळ्या खातात. पाणी रिकामं करता येत नसेल तर त्यात गप्पी सोडा, हे आरोग्य खात्याचं जुनं सांगणं. जुन्या ओळखीतून साहेबांनी ते पहाटेच मिळवून आणले होते.

मी म्हटलं, साहेब, पाव तासात पाणी फेकून द्यायचं आहे. डासाने अंडी घालायची कधी आणि अळी व्हायची कधी?

"साठवलं पानी तं गप्पी सोडा," साहेब म्हणाले. "हे मी घरोघर सांगतलं. आता माह्या घरची गोष्ट आली तं मी नियम मोडू? लोक काय म्हनतीन?"

लोक म्हणजे मीच होतो, आणि मी काही म्हणत नव्हतो. गप्पी टबात गेले. मागोमाग पाहुणे गेले.

खरं तर सरडा पाण्यात थांबत नाही. त्या व्हिडिओतली बाई गाणं म्हणत होती ती हौसेने नाही, तो पळू नये म्हणून. पाहुण्यांनीही पहिल्याच क्षणी काठावर पंजे टाकले. तेवढ्यात पोटाखालून एक गप्पी गेला. पाहुणे थांबले. त्यांनी मान वाकडी करून पाण्यात पाहिलं. दुसरा गेला. मग पाहुणे जे टबात फिरायला लागले ते बाहेर यायचं नाव घेईनात. शेपटी पाण्यात पसरलेली, चारी पाय भिजलेले, डोळे माशांवर. कित्येक दिवसांनी त्यांच्या अंगात जीव दिसला. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गप्पी माशांचा हा उपयोग खात्याला आधीपासून माहीत होता.

मग रोज सकाळी हाच कार्यक्रम. थर्मामीटर, टब, गप्पी, पाहुणे. आंघोळ झाली की साहेब मासे गाळणीने परत बरणीत घेत आणि टब असा पुसत की त्यात तांदूळ भरून ठेवावेत. मऊ ब्रशने बोटांवरची कातडी हलकेच चोळायचं काम माझ्याकडे होतं. ओढायची नाही हे साहेब मला दर वेळी बजावत, आणि मी वळलो की स्वतः हळूच नखाने चाचपून पाहत. एका बोटाची कात एके दिवशी साबणाच्या फेसासारखी सुटली. दुसरं, काळं पडलेलं बोट, टबाच्या तळाशी सापडलं, तिळाएवढं. साहेबांनी ते तळहातावर घेतलं आणि पेटीकडे पाहत राहिले. पालथी वाटी त्यांना दिसत असणार.

शेपटी तेवढी राहिली होती. शनिवार उजाडला आणि मी मनात म्हटलं, आज कोरडा दिवस, आज काही खरं नाही. पण टब भरलेला होता. त्या शनिवारी माझ्या दारावर सही झाली नाही.

साहेब पाण्यात बोट घालून ऊब पाहत होते. नेमका त्याच वेळी एक गप्पी त्यांच्या बोटाच्या आडोशाला गेला आणि पाहुणे सगळ्या ताकदीनिशी झेपावले. मासा निसटला. पाहुण्यांच्या तोंडात साहेबांचं बोट. मी ओरडणार होतो, पण साहेबांनी दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पाहुण्यांच्या शेपटीकडे पाहत होते. झेप घेताना शेपटी टबाच्या खडबडीत काठावर घासली होती आणि टोकावरचा जुना वेढा, पायातून मोजा सुटावा तसा, अख्खा निघून पाण्यावर तरंगत होता. खालची शेपटी गुलाबी, जिवंत.

"हालू नका, सर," साहेब दातांवर दात दाबून म्हणाले. "घाबरतीन ते."

पाहुण्यांनी बोट सोडायला बराच वेळ घेतला. मग साहेब चालत जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले आणि घरी येऊन स्वतःच्या हाताने पट्टी बांधली, शास्त्रोक्त, थरावर थर, पेरूएवढी. जखम काही मोठी नव्हती.

रविवारी त्यांनी मला सकाळीच खाली बोलावलं. शर्ट इस्त्रीचा होता, पण चेहरा उतरलेला. फोन मी धरायचा असं ठरलं, कारण त्यांना दोन्ही हात लागणार होते. पोरीला सगळं खरं सांगायचं, मग ती काय म्हणायचं ते म्हणू दे. बोट गेल्याचं ऐकून ती पाहुण्यांना दुसरीकडे ठेवायला सांगेल, याची त्यांना खात्री होती. मलाही थोडी तशीच भीती होती.

फोन लागला. साहेबांनी पाहुण्यांना मांडीवर घेतलं आणि खात्यात अहवाल द्यावा तसं बोलायला लागले. पाहुण्यांची कात अडकली होती. ती आता निघाली. शेपटी शाबूत आहे. मागच्या उजव्या पायाचं एक बोट गेलं. चूक आपली, पाण्याची वाटी आपण पालथी ठेवत होतो. मग त्यांनी पुरावा म्हणून पाहुण्यांचा पाय उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

मुलगी पडद्याच्या अगदी जवळ आली. साहेबांनी मान खाली घातली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या हाताला काय झालं?"

साहेबांना कळलं नाही. त्यांनी पाहुण्यांचा पाय आणखी पुढे केला आणि हेच ते बोट, शेवटून दुसरं, असं सांगू लागले.

"त्याचं नाही हो. तुमचं. एवढी मोठी पट्टी कायची आहे? त्याला जरा बाजूला घ्या ना, मला तुमचा हात दिसून नाही राह्यला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांना मांडीवरून उचलून खाली ठेवलं आणि पट्टी बांधलेला हात पडद्यासमोर धरला. काही नाही, काही नाही, असं ते म्हणत होते, पण हात काही खाली घेत नव्हते. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि निघालो. जिना चढताना ऐकू येत होतं. ती विचारत होती, इंजेक्शन कुठे घेतलं, दुखतं का, एका हाताने स्वयंपाक कसा करता, ऊन इतकं आहे तर घरात कूलर का नाही. साहेब एकेका प्रश्नाचं तपशीलवार उत्तर देत होते. पाहुणे सोफ्याखाली गेले होते, आणि दुपारपर्यंत ते कुठे आहेत असं त्या घरात कुणी विचारलं नाही.